ताफा (खेळप्रकार)

चौदा चाकी गाडी घाटात मागं घेऊ नये.

चांगुणा धावारे, वय एकसष्ट. अंगणवाडीतून मदतनीस म्हणून निवृत्त. वाहन परवाना नाही. दरीत पडल्याची संख्या : एकशे चौदा.

खिशाचा वेगळा सदरा होत नाही.

दोन हॉर्न म्हणजे थांबा. तीन हॉर्न म्हणजे आत्या, चष्मा लावा.

‘…यांचे सर्व स्तरांतून अभिनंदन होत आहे.’ साप्ताहिक मांजराकाठ, पान तीन, वाढदिवसांच्या शेजारी.

चहा पाजला की माणूस स्वतंत्र राहत नाही.

प्रस्तावना

‘मालवाट’ हा मोबाइलवरचा ट्रकचा खेळ. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीनं काढलेला. एकट्यानं खेळायचा तर माल भरा, पोहोचवा, पुढचा भरा. पण त्यातच चौघांनी मिळून खेळायचा एक प्रकार आहे, त्याचं नाव ताफा. चार फोन, चार ट्रक, एक घाट. जो सगळ्यात शेवटी वर पोहोचेल त्याची वेळ हीच चौघांची वेळ.

बाकी ठिकाणी लोक हळू चालवणाऱ्याला ताफ्यातून काढतात आणि दुसरा घेतात. कळंबच्या ताफ्यात हळू चालवणारी आत्या होती. आत्याला कोण काढणार?

ताफ्यात चौघं : चैताली धावारे, तिची आत्या चांगुणा, शेजारची आरजू, आणि बेंबळीहून खेळणारा बिरू. बिरू दिवसभर खराखुरा टेम्पो चालवतो आणि जेवणाच्या सुट्टीत खोटा ट्रक. आत्याला काढता येत नाही म्हटल्यावर या चौघांनी नवाच डाव बसवला. लोखंड आणि सिमेंट तिघांनी वाटून घ्यायचं, आत्याच्या गाडीत फक्त कापूस. अवघड वळणाआधी तिघांनी थांबायचं, हॉर्न द्यायचे, आत्या दिसली की निघायचं. या पद्धतीनं ते राज्याच्या यादीत सदतिसावे आले. आत्या प्रत्येक फेरीत शेवटी आली.

फेब्रुवारीत कंपनीनं कळवलं : ताफा ३१ मार्चला दुपारी बारा वाजता बंद होईल. एकट्याचा खेळ चालू राहील.

कुणीही लिहू शकतं असा मराठीतला एक मोठा ज्ञानकोश इंटरनेटवर आहे. तिथं चैतालीनं ‘ताफा (खेळप्रकार)’ असा लेख लिहिला होता. मार्चच्या मध्यावर, सोमवारी सकाळी, त्या लेखाच्या डोक्यावर पिवळी पाटी आली : या विषयाला स्वतंत्र लेख हवा का, की तो ‘मालवाट’ या मुख्य लेखात विलीन करावा? चर्चा सात दिवस.

मुख्य लेखात ताफ्याविषयी एकच ओळ होती. ‘या खेळात अनेकांनी मिळून खेळण्याची सोय आहे.’ एकतीस तारखेनंतर त्यातल्या ‘आहे’चं ‘होती’ झालं असतं, आणि विषय संपला असता.

वाद

पाटी लावणाऱ्याचं नाव होतं टाचण. ज्ञानकोशावर सगळे असंच काहीतरी नाव घेऊन वावरतात.

*टाचण :* विलीन करावा. ताफा हा एका खेळाचा भाग आहे. खिशाचा वेगळा सदरा होत नाही.

*चैताली_कळंब :* काही लोक खिशासाठीच सदरा घेतात. आमच्यापैकी तिघांनी एकट्याचा खेळ कधी उघडलेलाही नाही.

*टाचण :* ताई, हे आपण सांगता. दुसऱ्या कुणी सांगितलं आहे का? विषयाशी संबंध नसलेल्या दोघांनी तरी, छापील स्वरूपात, सविस्तर? एवढंच दाखवा. वाद संपला.

टाचण म्हणजे मुनवर तांबोळी. येरमाळ्यात बसथांब्यासमोर त्यांचं शिलाईचं दुकान. शर्टाला काज करता करता ते अकरा वर्षं ज्ञानकोश सांभाळत आले होते. तीनशे चाळीस लेख त्यांचे स्वतःचे, बहुतेक विहिरी आणि बारवांवर. काढून टाकलेले इतरांचे लेख मोजलेले नाहीत. रमजानचे शेवटचे दिवस होते, ईदचे कुर्ते डोक्यापर्यंत साचले होते, तरी एक बाही झाली की ते फोन उघडत.

“लोकांचे कपडे राहिलेत,” त्यांच्या बेगम अजीजाबी आतून म्हणाल्या, “आणि तुम्ही कुणाच्या तरी खेळण्याशी भांडायले.”

“भांडत न्हाय. पुरावा मागायलो.”

“पंधरा सालात कोशवाल्यांनी तुमच्याकडं मागितला होता तसा?”

मुनवरांनी हातातली बाही उलटली. त्यांचा पहिला लेख येरमाळ्याच्या बाजारावर होता. पुराव्याअभावी तो उडवला गेला. त्यांना तेव्हा राग आला होता. पुढं तो नियम त्यांना पटला, आणि माणूस उशिरा पटलेल्या गोष्टीला फार घट्ट धरतो.

मंगळवारी चैतालीनं दोन पुरावे लावले. एक, पुण्याच्या एका तंत्रज्ञान मासिकातला चार पानी लेख. त्यात लिहिलं होतं की, मागच्यासाठी थांबणं हाच जिथं डाव आहे असा हा बहुधा एकमेव प्रकार. दुसरा, जानेवारीतलं साप्ताहिक मांजराकाठ. ‘कळंबच्या ताफ्याचे घवघवीत यश’. तिथं चौघांची नावं, कापसाची युक्ती आणि शेवटी सर्व स्तरांतून अभिनंदन.

*टाचण :* पहिला चांगला आहे. दुसराही चालेल. उद्या संध्याकाळी सहापर्यंत कुणाची हरकत न आल्यास विरोध मागे घेतो.

आरजू भिंतीवरून ओरडली, “चैताली! जिंकलो की गं!”

आत्यानं गूळ वाटला.

लेखन

चैताली कळंबमध्ये दाखले काढून देण्याच्या केंद्रात काम करते. उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा. बुधवारी समोर एक आजोबा बसले होते.

“पोरी, या कागदावर म्याच लिहायचं, माझंच खरं हाय म्हनून?”

“व्हय, आजोबा. स्वयंघोषणापत्र.”

“आन ते चालतंय?”

“चालतंय.”

आजोबांना नवल वाटलं. अंगठा टेकवून ते गेले. चैतालीनं मधल्या वेळात ज्ञानकोशाचं नियमाचं पान उघडलं, जिंकल्यावर माणूस नियम वाचतो तसं. तिथं लिहिलं होतं : ‘विषयाशी संबंधित व्यक्तीने लिहिलेला मजकूर, तो कोठेही छापून आला तरी, स्वतंत्र मानला जात नाही.’

तिनं ते दोनदा वाचलं.

मांजराकाठातली बातमी तिनंच लिहिली होती. त्यात लपवण्यासारखं तिला कधी काही वाटलंच नव्हतं. कळंबमध्ये बातमी अशीच येते. शाळेचं स्नेहसंमेलन असो, कुणाची निवड असो, नाहीतर कुणाचा पोरगा पोलिसात लागलेला असो. ज्याची बातमी त्यानं लिहायची, फोटो जोडायचा, आणि राजपाल हावळेच्या फोनवर टाकायची. राजपाल मांजराकाठचा वार्ताहर. तो वर तारीख घालतो आणि खाली अभिनंदन. म्हणून लोक ‘बातमी आली’ असं म्हणतच नाहीत, ‘बातमी दिली’ म्हणतात.

संध्याकाळी तिनं आत्याला सांगितलं.

“मग बातमी काय झाडाला लागती व्हय?” आत्या म्हणाली. “कुनीतरी लिहायलाच पायजे ना. तुझं अक्षर चांगलं, तू लिहिलीस.”

“आत्या, त्यांना वाटायलंय राजपालदादानं स्वतः बघून लिहिलं.”

“राजपाल? स्वतः?” आत्या इतकी हसली की चष्मा घसरला. “बरं, बातमी खोटी हाय का?”

“न्हाय.”

“सदतिसावे आलो न्हाय का?”

“आलो की.”

“मग?”

चैतालीनं फोन पुन्हा उघडला. दिवसभर ती लोकांचे कागद तपासते. एखाद्यानं शेजाऱ्याची सही स्वतःच ठोकली तर तिला ती शाईवरून कळते. दुसऱ्याची सही नसलेला कागद ती रोज परत करते, आणि माणूस कितीही खरा असला तरी करते.

सहा वाजायला दहा मिनिटं होती. टाचणनं दिलेली मुदत सहाची.

*चैताली_कळंब :* दुसरा पुरावा मागे घेते. ती बातमी मीच लिहून दिली होती. आमच्याकडे तशीच पद्धत आहे, पण ती तुमच्या नियमात बसत नाही. फसवायचं नव्हतं.

येरमाळ्यात मुनवरांनी मशीन थांबवलं. इफ्तारसाठी काढायला घेतलेली खजूर हातात तशीच राहिली. अकरा वर्षांत जिंकत आलेला पुरावा कुणी स्वतःहून मागं घेतलेला त्यांनी पाहिला नव्हता.

*टाचण :* सांगितलंत, आभारी आहे. मग माझा विरोध कायम. नियम नियम आहे. सोमवारपर्यंत वेळ आहे, ताई.

अजीजाबींनी फोनमध्ये डोकावून पाहिलं. “बिचारी,” त्या म्हणाल्या. मुनवर मशीनकडं वळले. त्या दिवशी त्यांनी एका कुर्त्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

स्वीकार

हा विभाग रिकामा आहे. आपण भर घालू शकता.

पुन्हा वाद

गुरुवारी राजपाल हावळे मोटारसायकल बंद न करताच दारात ओरडला.

“चैताली! आख्ख्या महाराष्ट्रात इज्जत काढलीस माझी!”

“दादा, तुमचं नाव न्हाय घेतलं म्या.”

“मांजराकाठ म्हटलं की माझंच नाव की! लोकं विचारायलेत, दादा, तुम्ही न बघताच लिहिता का म्हणून.”

“मग बघून लिहिता का?”

राजपालनं गाडी बंद केली. आजवर हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्यानं हँडलवरचा रुमाल काढून उगाच आरसा पुसला.

“चालू करा तुमचा खेळ,” तो म्हणाला. “मी बसतो. आन तू एक शब्द सांगायचा न्हाय. काय लिहायचं ते मी बघून घेईन.”

ओसरीवर खुर्ची टाकली. आरजू भिंत ओलांडून आली, बिरू बेंबळीहून फोनवर आला. आत्या सवयीनं चुलीकडं वळली, तसं चैतालीनं तिचा हात धरला.

“चहा न्हाय, आत्या.”

“अगं, पाव्हणा आलाय दारात!”

“चहा पाजला की माणूस स्वतंत्र राहत न्हाय.”

“एका कपात?”

“एका घोटात.”

आत्याला हे इतकं लाजिरवाणं वाटलं की ती राजपालकडं पाठ करून बसली आणि तशीच गाडी चालवू लागली. त्यामुळं पहिलं वळणच चुकलं. ट्रक दरीत.

“रस्ताच वाकडा केलाय मेल्यांनी,” आत्या म्हणाली.

“आत्या, डावीकडं!” बिरू फोनमधून ओरडला. “तुमची डावी! जेवायच्या हाताची न्हाय, दुसरी!”

“मला डावी शिकवतोय. तुझ्या टेम्पोचा आरसा कुनी फोडला ते सांगू का?”

दुसऱ्यांदा सुरुवात. तिघं वळणाआधी थांबले. स्क्रीनवर तीन ट्रक एकामागं एक, इंजिन चालू, काहीच घडत नाही. खालच्या रस्त्यावर कापसाचा एक ट्रक मुंगीसारखा चढत होता. आरजूनं दोन हॉर्न दिले. मग तीन. आत्यानं चष्मा लावला. राजपाल दोनदा घड्याळाकडं पाहत म्हणाला, “एवढंच असतंय का?” कुणी उत्तर दिलं नाही, कारण सांगायचं नव्हतं.

मग कापसाचा ट्रक वळणावर आला, एक चाक हवेत गेलं, परत खाली टेकलं, आणि तो वर आला. चौघं ओरडली. ओसरीवर टाळ्या वाजल्या.

राजपालनं किक मारली आणि ‘येतो’ म्हणून निघून गेला.

शनिवारी मांजराकाठ आला. पान एक.

*‘वीस मिनिटे घाट, चहाही नाही : कळंबमध्ये मोबाइलवरच्या ट्रकचा कंटाळवाणा खेळ. आमच्या वार्ताहराकडून. येथे ताफा नावाचा खेळ चालतो असे समजल्याने प्रस्तुत वार्ताहराने स्वतः उपस्थित राहून पाहणी केली. खेळात तिघे जण थांबलेले असतात व एक ज्येष्ठ महिला येत असते. याव्यतिरिक्त फारसे काही होत नाही. सदर महिलेने वाहन दरीत घातले व दोष रस्त्यास दिला. खेळणाऱ्यांत शिस्त नाही, मोठ्याने बोलतात. ज्याने आधी पोहोचावे त्यास काहीच लाभ नाही, हे आजच्या स्पर्धेच्या युगात अनाकलनीय आहे. तथापि महिला वर पोहोचली असता उपस्थितांनी टाळ्या वाजविल्या. त्यात प्रस्तुत वार्ताहरही होता, ही गोष्ट लपविता येत नाही.’*

अभिनंदन कुठंच नव्हतं.

आत्यानं ते मोठ्यानं वाचून घेतलं, मग दुसऱ्यांदा वाचून घेतलं. “दोष रस्त्यास दिला,” ती म्हणाली. “रस्त्याचाच होता! हा राजपाल माझ्या मावसबहिणीच्या दिराचा पोरगा, लहानपनी याला म्या खिचडी भरवली. आता बोलनार न्हाय मी त्याच्याशी.”

“आत्या,” चैताली म्हणाली, “आपल्याला नावं ठेवलीत!”

“तेच म्हनायले ना मी!”

“नावं ठेवलीत! पान एकवर!” आणि तिनं आत्याला कमरेला धरून ओसरीवर गरकन फिरवलं. आरजू भिंतीवर बसून ‘कंटाळवाणा, कंटाळवाणा’ असं गात होती. तिच्या हाताला ईदची मेंदी होती.

निर्णय

*टाचण :* बातमी पाहिली. ईद असल्यानं उत्तराला उशीर झाला. एक विचारतो. वार्ताहर आपले नातेवाईक आहेत का?

*चैताली_कळंब :* ईद मुबारक. लांबचे आहेत. बातमी आल्यापासून आत्या त्यांच्याशी बोलत नाहीत.

*टाचण :* नोंद घेतली. मजकूर आपण दिला?

*चैताली_कळंब :* एक शब्दही नाही. चहासुद्धा नाही. ते शीर्षकातच आहे.

येरमाळ्यात शीरखुर्म्याच्या वाट्या फिरत होत्या. अजीजाबींनी बातमी पाहुण्यांना वाचून दाखवली आणि ‘याव्यतिरिक्त फारसे काही होत नाही’ या वाक्याला सगळं घर हसलं. मुनवर हसत नव्हते. ते टाळ्यांचं वाक्य परत परत वाचत होते. ज्याला खेळ आवडला नाही, त्यानं हे लिहायची काही गरज नव्हती.

*टाचण :* विषयाची एवढी निंदा करणाऱ्या स्रोताच्या स्वातंत्र्याबद्दल मला शंका नाही. दोन स्वतंत्र स्रोत झाले. खिशाबद्दल मी जे म्हणालो ते शिंप्याचं मत होतं, नियमाचं नाही. लेख राहावा.

लातूरच्या एका सदस्यानं ‘तरीही विलीन करा’ असं लिहिलं. नाशिकच्या दोघांनी ‘राहावा’ लिहिलं. सोमवारी, चर्चांचा निकाल देणाऱ्या प्रचालकानं पिवळी पाटी काढली. निर्णय : लेख राहावा. एवढे तीनच शब्द, पण आरजूनं ते फोनच्या पहिल्या पडद्यावर लावून ठेवले.

लेखातल्या रिकाम्या ‘स्वीकार’ विभागात, म्हणजे लोकांना खेळ कसा वाटला ते सांगायच्या जागी, चैतालीनं पहिलं वाक्य घातलं : ‘स्थानिक वृत्तपत्राने या प्रकारास कंटाळवाणा म्हटले आहे.’

समाप्ती

३१ मार्चला सकाळी एक गृहस्थ कळंबच्या बसस्थानकावर उतरले. पांढरा कुर्ता, गळ्यात मोजपट्टी विसरलेली. रिक्षावाल्याला त्यांनी दाखल्यांचं केंद्र विचारलं, तिथून घर विचारलं.

“मी टाचण,” दारात ते म्हणाले. “दोरे घ्यायला आलो होतो, म्हटलं जावं.”

“येरमाळ्यात दोरे मिळत नाहीत?” चैताली म्हणाली.

“मिळतात,” मुनवर म्हणाले.

आत्यानं त्यांना खुर्ची दिली आणि संशयानं विचारलं, “तुमच्यासमोर चहा चालतो का?”

“चर्चा संपली, बहनजी. आता चालतो.”

“मग दोन कप घ्या. मागचा बाकी हाय.”

साडेअकराला शेवटची फेरी सुरू झाली. आत्या पहिल्याच वळणावर दरीत गेली, एकशे पंधरा. पुन्हा सुरुवात. तिघं घाटमाथ्याच्या अलीकडं थांबले. मुनवर खुर्ची पुढं ओढत ओढत आत्याच्या खांद्यापर्यंत आले होते.

“बहनजी, दुसरा गिअर.”

“तुमी कपडे शिवा.”

“दुसरा घ्या म्हणतो ना! चढ आहे!”

आत्यानं दुसरा घेतला. कापूस हलला, गाडी उचलली. बिरू फोनमधून म्हणाला, “हा कोण नवीन मानूस? हुशार हाय.” तिघांनी हॉर्न द्यायला सुरुवात केली. दोन, तीन, मग मोजणं सोडून नुसतेच. अर्धं वळण राहिलं होतं. आत्या खुर्चीवरून उठून उभी राहिली, जणू त्यानं चढायला मदत होते.

बारा वाजले. चारही फोनवर एकच पाटी आली : जोडणी उपलब्ध नाही.

आत्यानं फोन हलवून पाहिला. मग म्हणाली, “म्हंजे मी पोचलेच न्हाय?”

“न्हाय, आत्या.”

“आन शेवटच्याची वेळ तीच सगळ्यांची वेळ?”

“व्हय.”

“मग आपली वेळ अजून चालूच हाय की!” आत्या म्हणाली, आणि फोन खाली ठेवून तिसऱ्या चहाला उठली. आरजू हसता हसता भिंतीला टेकली. बेंबळीहून बिरूनं खऱ्या टेम्पोचा हॉर्न फोनजवळ धरून वाजवला.

चैतालीनं तिथंच लेख उघडला आणि शेवटी एक वाक्य जोडलं : ‘कळंबच्या ताफ्याची अखेरची फेरी पूर्ण झाली नाही, तिची वेळ नोंदली गेलेली नाही.’

चार मिनिटांनी वाक्यापुढं बारीक अक्षरांत दोन शब्द उगवले. *संदर्भ हवा.*

तिनं मान वर केली. मुनवर बशीतला चहा फुंकत होते, दुसऱ्या हातात फोन.

“काका! तुमच्यासमोर झालं की हे!”

“माझ्यासमोर झालं,” मुनवर म्हणाले. “पण बेटा, मी तर आता दुसरा कप घेतलाय.”

लेखाचं पहिलं वाक्य, ‘ताफ्यात शेवटच्याची वेळ हीच सर्वांची वेळ असते’, चैतालीनं गेल्या श्रावणात, केंद्रातलं इंटरनेट बंद पडलेलं असताना, कुणाच्या तरी बाद झालेल्या अर्जाच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहिलं होतं.